डबल बेसची जवारी

कान गेले म्हणजे सगळं एकदम बंद होते, असं लोकायले वाटते. तसं काही नाही बाप्पा. माहे कान वरतून गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मंग मिनलच्या बांगड्या, मंग सकाळचे पाखरं. खालचं सगळं शाबूत राहिलं. ट्रकचं इंजिन ऐकू येते, ढोल येते, शेजारच्या बुढ्याचा खोकला तं भिंतीतून येते. हिंगण्याच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये अर्धी जिंदगी काढली, पत्र्यावर ठोका पडे नं मी बाजूलेच उभा. कानात बोळे घालायचाही कंटाळा केला. डॉक्टर म्हणाला, हे असंच होते. कंपनीनं मले स्टोअरमध्ये टाकलं. नट-बोल्ट द्या, सही घ्या नं गप बसा.

मी मूळचा रामटेककडचा, धानवाला. गावच्या भजनी मंडळात गायचो, खंजिरीही वाजवायचो. शेवटचा गेलो तवा वरच्या पट्टीत कुठं भटकलो, मलेच माहीत नाही. कोणी काही बोललं नाही, फक्त एक पोट्टी तोंडाले ओढणी लावून हासली. मी खंजिरी ठेवली, मोटरसायकलले किक मारली नं नागपूरले परत आलो. मिनल, म्हणजे माही बायको, तिनं विचारलं, वाईट वाटलं काय? म्हटलं, काही नाही वाटलं. खरंच नाही वाटलं. मले राग तेवढा येते, बाकी काही येत नाही. दाळीत मीठ कमी असलं का येते, टीव्हीवाला तोंडातल्या तोंडात बोलला का येते, पोरीनं एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा केला का येते.

पोरगी म्हणजे काजल. कॉलेजात आहे. नागपूरच्या महाल भागात गिरिधर सर व्हायोलिन शिकवतात, त्यायच्याकडं जाते. सरायचा पोट्टे-पोट्ट्यायचा एक ग्रूप आहे. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये सारे मिळून वाजवतात. काजलले सोडायले मी जायचो नं तिथंच खुर्चीवर बसून राहायचो. व्हायोलिन म्हणजे मले फक्त गज वरखाली होतानी दिसे. पोट्टे डोलत, मी घड्याळ पाही.

हॉलच्या कोपऱ्यात एक डबल बेस उभा होता. व्हायोलिनच, पण माणसाहून उंच नं पोट सुटलेलं. सरायनं तो मुंबईच्या कोण्या म्हाताऱ्या वादकाकडून आणला होता, गादीत गुंडाळून ट्रकनं. पण वाजवणारा भेटला नाही. एका रविवारी चहाची सुट्टी होती. मी उगीच गेलो नं सगळ्यात जाड तार बोटानं ओढली.

माय वं! आवाज आधी पोटात आला. मंग बरगड्यायत आला, मंग कानात, नं पुरा आला. कुठूनही कातरलेला नाही. मी पुन्हा ओढली, पुन्हा तसाच आला. पलटून पाहिलं तं सर मांगं उभे. ते महालातले जुने घरवाले, बोलणं एकदम पुस्तकी. माह्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "धर्मेंद्रजी, शिकता का? मला खर्ज वाजवणारा हवाच आहे." ह्या दुनियेत माह्यासाठी एकच आवाज पुरा शिल्लक होता, नं तो ह्या लाकडाच्या डब्यात होता. हा हातचा गेला का मंग माह्याकडं काहीच नाही, हे मले तिथंच समजलं. म्हटलं, शिकतो.

सरायले स्वतःले डबल बेस येत नव्हता. व्हायोलिनचं शिक्षण नं मोबाइलवरचे व्हिडिओ, ह्याच्यावर ते मले शिकवत. वाद्य अंगाले टेकवायचं, मिठी मारायची नाही. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मांगं, मधल्या बोटाच्या बरोबर समोर. तिसऱ्या बोटानं एकट्यानं दाबायचं नाही, ते करंगळीच्या मदतीले ठेवायचं. नं मुख्य म्हणजे दाबायचं ते बोटाच्या ताकदीनं नाही, हाताच्या वजनानं.

"कोपर लोंबू द्या," सर ओरडून सांगत. "विहिरीतली बादली ओढताना अंगाचं वजन टाकता ना, तसं."

हे मले समजलं. बादल्या लय ओढल्या. पण तारा! पोलादी तारा होत्या, कडक, बोटं दाबायच्या पट्टीपासून चांगल्याच वर. बोटायच्या टोकाले फोड आले, फुटले, पुन्हा आले. प्रेसच्या कामानं माहा पंजा आधीच आखडलेला. एक दिवस मी बोट उचललं तं ते सरळच होईना, चिमटा धरल्यावानी वाकडं राहिलं. सर म्हणाले, "ह्या ताणाच्या तारा तुमच्या हाताला झेपणार नाहीत. मऊ तार शोधू."

शोधाशोध सुरू झाली. आतड्याची तार असते, जुने लोक तीच लावत. पण ती उन्हाळ्यात सुकते नं पावसाळ्यात फुगते, नं नागपुरात दोन्ही भरपूर. परदेशी तार मागवली तं कवा येईन ह्याचा भरोसा नाही. मंग काजलनं एक व्हिडिओ काढून दाखवला. तिकडचे काही लोक गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी लावून डबल बेस वाजवतात. मी म्हटलं, अबे, हे तं आपल्या कॉटन मार्केटात भेटते! गेलो नं दोन जाडीची दोरी घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, केवढं वावर आहे? म्हटलं, वावर नाही, बाजा आहे. तो माह्या तोंडाकडं पाहतच राहिला. वरच्या दोन तारायच्या जागी दोरी लावली. खालच्या दोन सरायनं ओळखीतून मिळवल्या, कमी ताणाच्या. काय सांगू, हात मोकळा झाला! सूर आणखी गोल आला, सरळ छातीवर. फक्त एक भानगड होती. घोडीच्या, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात त्या लाकडाच्या, खाचा बारीक होत्या. जाड दोरी त्यायच्यात बसेना. तेवढ्या रुंद करायच्या होत्या.

महालात चंपतराव आहेत, तंबोरे बनवतात. दुसरा कोण आहे गावात? टेम्पोत टाकून नेला. म्हटलं, खाचा एवढ्या रुंद करा. बुढ्यानं वाद्याले पुरा चक्कर मारला. "हा तं तंबोऱ्याचा बाप आहे गा धर्मेंद्र," म्हणाला. तार छेडली, कान लावला नं तोंड वाकडं केलं. "आवाज बंद आहे ह्याचा. मुका वाजते. ठेवून जा, मी पाहतो."

भर पावसाळ्यात आणायले गेलो तं घोडी नवीच दिसली. माथा रुंद, चपटा, हात लावला तं काचेसारखा गुळगुळीत. दर तारेखाली रेशमाचा धागा. तंबोऱ्याले करतात तशी जवारी केली होती. त्यानं तार माथ्यावर हलकीच घासते नं झणकारते. भजनात तंबोरा असे, जवारी चांगली असते एवढं मलेही माहीत होतं. चंपतरावनं डोळे मिटून तार छेडली. "आता खुलला!" मी वाद्याच्या पोटाले हात लावून पाहिला. भरून घुमत होतं. मले तं फरक काही ऐकू आला नाही, पण कारागीर खुश म्हटल्यावर मी काहून तोंड पाडू?

रविवारी ग्रूपमध्ये वाजवला. पहिला सूर काढला नं सारे पोट्टे गज थांबवून माह्याकडं पाहायले लागले. मले वाटलं, आता कसं! सरायनं काजलकडं पाहिलं, काजलनं सरायकडं. मंग सर म्हणाले, "छान. जरा हळू वाजवा." तवापासून माही जागा मांगं, पडद्याजवळ. खर्ज मागूनच यायला हवा, असं सर म्हणाले. म्हटलं, असंन बुवा, त्यायले जास्त समजते. वाद्य सरायनं माह्याच घरी राहू दिलं होतं, ड्यूटीवरून आलो का चहा पिऊन वाजवायले बसे. मिनल स्वयंपाकघराचं दार ओढून घे. फोडणीचा धूर बाहेर येते म्हणे.

थंडीत कार्यक्रम झाला, सिव्हिल लाइन्सच्या एका हॉलमध्ये. पांढरा शर्ट, काळी पँट, माह्यासमोरही माइक. बाजूले विहंग नावाचा एक पोट्टा की-बोर्ड घेऊन बसला होता. सर म्हणाले, थोडा आधार द्यायला. वाजवलं. पायाखालची फळी थरथरली. टाळ्या पडल्या, त्या मले हात हलतानी दिसल्या. जातानी गाडीवर मिनलनं पाठीवर हात ठेवला नं कानाशी ओरडली, "लय छान झालं!" आनंद झाला काय, ते नाही सांगता येत. पण जिथं उभं राहायचं तिथं आपण उभे होतो, एवढं वाटलं. मले तेवढं पुरलं.

मंग कानाच्या मशिनी आल्या. कंपनीच्या विम्यातून बसत होत्या, काजलनं मांगं लागून लागून अर्ज करवला. धंतोलीतल्या कानाच्या मशिनीच्या दुकानात एका पोरीनं त्या कानात बसवल्या, मोबाइलवर काही बटणं दाबली नं म्हणाली, "काका, आता बाहेर एक चक्कर मारून या." बाहेर निघालो नं कावळा अंगावर आला. खरंच, मी खाली वाकलो! तो तं पार समोरच्या तारेवर बसला होता. ऑटोचा ब्रेक, प्लास्टिकची पिशवी, माह्याच चपलेची फटफट. सगळं कोरडं नं चरचरीत. घरी मिनल बोलली तं मले वाटलं ही कोण बाई आली? बारीक आवाज, थकलेला. माह्या डोक्यात तिचा आवाज असा नव्हता.

संध्याकाळी डबल बेस घेतला. तार ओढली नं झर्रर्र! पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवल्यावानी. सूर कुठंतरी आत होता नं त्याच्यावर हा सारा कचरा. दुसरी तार ओढली, झर्रर्र. च्या मायले, मशीन खराब दिली! दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून धंतोलीत गेलो नं त्या पोरीवर भडकलो. लोकायले येडं समजता काय, एवढं मोठं दुकान खोललं नं हा माल? तिनं बिचारीनं सारं तपासलं, शिट्ट्या ऐकवल्या.

"काका, मशीन एकदम ठीक आहे. सुरुवातीला सगळं थोडं कर्कश वाटतं."

"कर्कश नाही म्हणून राहिलो मी. झर्र येते. झर्र!"

"कशात येते?"

मी सांगायले तोंड उघडलं नं थांबलो. कावळ्यात नव्हती. ऑटोत नव्हती. मिनलच्या आवाजात नव्हती. मी खुर्चीवरून उठलो नं निघालो. ती पोरगी मांगून काका काका करत होती, तेही साफ ऐकू आलं.

घरी काजल अभ्यास करून राहिली होती. मी वाद्य तिच्यासमोर ओढत आणलं नं तार छेडली.

"ही झर्र कायची आहे?"

तिनं मायकडं पाहिलं. मिनल दारात आली होती, हात ओले.

"तिच्याकडं नको पाहू. मले सांग."

"घोडी," काजल म्हणाली. "चंपतरावनं जवारी केली ना. तवापासून आहे."

"तवापासून? पावसाळ्यापासून?"

"हौ."

"नं कार्यक्रमात?"

तिनं पुस्तक बंद केलं. "कार्यक्रमात तुमच्यासमोरचा माइक बंद होता बाबा. खर्ज विहंगनं वाजवला. की-बोर्डवर."

मी ओरडलो काय? नाही ओरडलो. हेच तं नवल. राग यायची वाट पाहिली, तोही आला नाही. वाद्य भिंतीले टेकवलं, त्याच्यावर चादर टाकली, कानातल्या मशिनी काढून डबीत ठेवल्या नं टीव्हीसमोर बसलो. बातम्यावाला तोंड हलवून राहिला होता. मी पाहत बसलो. जेवायले बोलावलं, जेवलो. काय जेवलो ते विचारू नका.

चादर तशीच राहिली. रविवारी काजलले म्हटलं, स्कूटी घेऊन जाय. स्टोअरमध्ये कोणी दहा बोल्ट मांगतले तं दहा देतो, घरी येतो, झोपतो. एवढंच चाललं होतं. मंग हळूहळू राग परत आला, नं असा आला का विचारूच नका. नळाले पाणी बारीक आलं, ओरडलो. पोळी जाड झाली, ओरडलो. सिलिंडरवाल्यावर ओरडलो, शेजारचा बुढा खोकलला म्हणून त्याच्याही दारात जाऊन ओरडलो. मिनल भांडे हळू ठेवे, काजल चप्पल हातात घेऊन घरात येई. माह्या कानात मशिनीही नव्हत्या, तरी.

एका संध्याकाळी गिरिधर सर आले. दारातच उभे राहिले. मी डबीतून मशिनी काढून कानात घातल्या, म्हटलं पाहू तं काय म्हणतात.

"धर्मेंद्रजी, परत या. जागा तुमचीच आहे."

"कोणती जागा? पडद्यामांगची?"

त्यायनं मान खाली घातली. "चुकलं माझं. पण मी का सांगितलं नाही, ते मला विचारू नका. घरी विचारा." चहाही न घेता गेले. मिनल आतून बाहेर आलीच नाही. घरी काय विचारायचं, मले समजलं नाही नं मी त्या दिवशी विचारलंही नाही. पण चादरीखालचं ते धूड मले रात्रंदिवस दिसून राहिलं होतं. शेवटी टेम्पो बोलावला.

"चंपतराव, जवारी काढा," म्हटलं.

बुढा पाहतच राहिला. "काढू? अबे, लोक जवारीसाठी माह्या उंबरठ्यावर बसून राहतात नं तू काढ म्हणून राहिला?"

"ह्या बाज्यात ती चालत नाही."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणतात. मलेच कोणी सांगत नव्हतं."

जुनी घोडी त्यानं फेकली नव्हती. तिच्या खाचा रुंद केल्या, मी पहिल्यांदा सांगतल्या होत्या तेवढ्याच, नं पूर्ण वेळ बडबडत केल्या. मुकं वाद्य आवडते ह्या लोकायले, म्हणे. मुकं तं मुकं.

घरी आणला. कानात मशिनी घातल्या. मिनल भाजी चिरून राहिली होती, तिचा चाकू थांबला तो मले ऐकू आला. काजलले हाक मारली नं तिच्यासमोर तार ओढली. झर्र गेली होती. सूर आला, साधा, उघडा.

"सर म्हणाले, घरी विचारा," मी म्हटलं. "म्हणून विचारतो. त्यायनं मले काहून नाही सांगतलं?"

"मीच सरायले म्हटलं होतं, नका सांगू," काजल म्हणाली.

"तू?"

"मी नं आई. दोघीनं."

"काहून वं?" माहा आवाज चढला. मशिनीतून तो मलेच केवढ्यानं ऐकू आला. "मी काय खातो काय तुमाले?"

काजल मांगं सरकली. कॉलेजातली पोरगी, पण लहानपणी सरके तशीच सरकली, भिंतीपर्यंत. मिनल चाकू ठेवून बाहेर आली नं बोलली, तिच्या त्या बारीक, थकलेल्या आवाजात.

"तुम्ही ते वाजवत होते तेवढा वेळ घरात ओरडत नव्हते. संध्याकाळ शांत जाय. आम्ही म्हटलं, झर्र तं झर्र, राहू द्या. आम्हाले तेच बरं होतं."

मी ती झर्र दोनदा ऐकली तं मशीन फेकायले निघालो होतो. ह्या दोघीनं ती रोज ऐकली, दार ओढून ओढून ऐकली, नं त्याले शांत म्हटलं.

लागलं मले. खोटं काहून बोलू? रडू आलं नाही, पण लागलं, लय आत लागलं. कित्येक दिवसायनं रागाशिवाय दुसरं काही आलं होतं नं त्याचं काय करायचं ते मले समजत नव्हतं. मी स्टुलावर टेकलो. बाहेर पाखरं ओरडत होते, ते ऐकत बसलो.

मंग गज घेतला. सरायनं शिकवलेला पहिला धडा सावकाश वाजवला, अंगठा मांगं, कोपर सैल, वजनानं. झर्र नव्हती म्हणून आता सुरायचं काही तरी ऐकू येऊन राहिलं होतं, बरं का वाईट ते मले ठरवता येईना.

"सांग," मी काजलले म्हटलं. "कुठं बेसूर आहे?"

"ठीक आहे बाबा."

"काजल."

तिनं मायकडं पाहिलं. मिनलनं हो म्हणून मान हलवली. काजलची पाठ अजून भिंतीलेच होती.

"पहिलाच सूर," ती म्हणाली. "तिथूनच, बाबा."